काही सापडले नाही : प्रस्तावना

कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी विश्वकिरणांची मोजणी चालवली होती. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतसे म्युऑन नावाचे कण किती कमी होत जातात, याचा त्यांना आलेख हवा होता. १९६०च्या दशकाच्या आरंभी मियाके, नरसिंहम आणि रमणमूर्ती यांनी आपली उपकरणे टप्प्याटप्प्याने खाली नेली. शेवटचा टप्पा पावणेतीन किलोमीटरच्या आसपासचा. तिथे दोन महिने उपकरण चालू राहिले आणि एकही म्युऑन आला नाही. हे शून्य त्यांनी गाळून टाकले नाही, बाकीच्या आकड्यांबरोबर छापले. पुढचा विचार तिथूनच निघाला. इतक्या खोलीवर म्युऑनचा गोंगाट जवळजवळ नसेल, तर कशालाच दाद न देणारा न्यूट्रिनो पकडायला याहून चांगली जागा कुठली? १९६५ साली याच खाणीत, थोड्या वरच्या पातळीवर, मुंबई, ओसाका आणि डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांच्या गटाला वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण मिळाली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत राइनेस यांचा गट त्याच मागावर होता. कोलारचा निबंध त्यांच्या आधी थोड्याच दिवसांच्या फरकाने छापून आला.

‘काहीच सापडले नाही’ या विषयावर पुस्तक काढायचे म्हटले की अशी गोष्ट सांगायचा मोह होतो, आणि तिच्या पाठोपाठ मायकेलसन-मोर्लीची. १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये या दोघांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे मांडले. प्रकाशाचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरमधून पृथ्वी धावत असेल तर प्रकाशाच्या पट्ट्या एका पट्टीच्या चार दशांशाइतक्या सरकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सरकण त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी भरली. पुढे आइन्स्टाइन, सापेक्षता वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही थोड्या फसव्या आहेत. त्यांतल्या ‘नाही’च्या पोटी पुढे मोठे ‘आहे’ जन्माला आले, म्हणून आपण त्या ‘नाही’ला पाटावर बसवतो. बहुतेक शून्य निकालांच्या नशिबी असले काही नसते. औषध लागू पडले नाही. खताने उतारा वाढला नाही. शिकवण्याच्या नव्या पद्धतीने मुलांचे वाचन सुधारले नाही. विषय संपला. त्यातून न्यूट्रिनोही निघत नाही आणि नोबेलही. प्रस्तुत संग्रह अशा निमूट, बिनकर्तृत्वाच्या वाटणाऱ्या निकालांविषयी आहे. त्यांची किंमत ते पुढे कशात फळले यावर ठरत नाही. दुसऱ्या कुणाचा वेळ, पैसा आणि क्वचित जीव त्यांनी वाचवला असता का, यावर ठरते.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा, कारण या विषयावरचे निम्मे वाद इथेच अडकतात. ‘काही सापडले नाही’ या एकाच वाक्याखाली फार वेगवेगळी माणसे उभी असतात. एकाने मोठा, काटेकोर प्रयोग केला आणि दाखवले, की परिणाम असलाच तर अमुक एका मर्यादेपेक्षा लहान आहे. दुसऱ्याला दिसले, की औषध उपयोगी तर नाहीच, उलट अपायकारक आहे. तिसऱ्याने वीस रुग्णांवर काहीतरी करून पाहिले आणि त्याला काहीच कळले नाही. पहिल्याला आपण या पुस्तकात शून्य निकाल म्हटले आहे, दुसऱ्याला नकारात्मक आणि तिसऱ्याला अनिर्णित. तिसरा माणूस पहिल्याचा अंगरखा घालून फिरतो, ही जुनी अडचण आहे. १९७८ साली फ्रायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘औषधाचा फायदा दिसला नाही’ असे सांगणाऱ्या ७१ वैद्यकीय चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या, की औषधाने पन्नास टक्के सुधारणा घडवली असती तरी ती नजरेतून निसटण्याची चांगलीच शक्यता होती. तेव्हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रयोगाला कमवावा लागतो. फरक असता तर मला तो दिसला असता, हे ज्याला दाखवता येते त्याच्याच ‘नाही’ला वजन. मायकेलसनच्या शिळेचे मोठेपण याच्यात आहे.

विचार म्हणून हे सारे नवे नाही. फ्रान्सिस बेकनने १६२०च्या ग्रंथात एक जुनी ग्रीक-रोमन गोष्ट सांगितली आहे. देवळात नवस फेडलेल्या, वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रे टांगलेली असतात. ती दाखवून एकाला विचारले, आता तरी देवाची सत्ता मानतोस का? त्याने उलट विचारले, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? आपल्याकडे नवसाला पावणाऱ्या देवळांत फिरलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. फेडायला येतो तो पावलेलाच. न पावलेला येतच नाही, आणि येत नाही म्हणून मोजला जात नाही. विज्ञानाचा छापील व्यवहार अजूनही बराचसा या देवळासारखा आहे. बेकननंतर चाळीस वर्षांनी रॉबर्ट बॉइलने न जमलेल्या प्रयोगांवरच निबंध लिहिले. म्हणजे आधुनिक विज्ञान पाळण्यात असतानाच त्याला ही खोड माहीत होती.

खोडीचे व्यवस्थेत रूपांतर झाले ते विसाव्या शतकात, आणि त्यात चांगल्या हेतूचा वाटा मोठा होता. रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ आणि १९३५ साली दोन पुस्तके लिहिली. प्रत्यक्षात काहीच परिणाम नसेल, तर प्रयोगात इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे मोजायची रीत त्यांनी घालून दिली. वीसात एक, म्हणजे ०.०५, ही सोयीची रेघ होती. हळूहळू ती रेघ उंबरठा झाली. रेघेच्या अलीकडचा निकाल घरात, पलीकडचा रस्त्यावर. १९५९ साली थिओडोर स्टर्लिंग यांनी मानसशास्त्राची चार नियतकालिके चाळली. अशी चाचणी वापरणाऱ्या २९४ निबंधांपैकी २८६ निबंधांत निकाल रेघेच्या अलीकडचा होता, म्हणजे ९७ टक्के. इतके यश कुठल्याही प्रामाणिक शोधाला मिळत नाही. छत्तीस वर्षांनी त्यांनी पुन्हा पाहिले. चित्र फारसे बदलले नव्हते. दरम्यान १९७९ साली रॉबर्ट रोझेंथाल यांनी या दुखण्याला नाव दिले : फाइल ड्रॉवरचा प्रश्न. निरुपयोगी औषधावर वीस प्रयोगशाळांनी काम केले, तर एखादीला योगायोगानेच ‘यश’ मिळेल. ती छापेल. एकोणीस जणांचे कागद ड्रॉवरमध्ये जातील. वाचकाच्या हाती एकच निबंध येईल, आणि त्यात खोटे असे काहीही लिहिलेले नसेल.

या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा थांबतो. या प्रश्नावर बोलताना लोक लगेच लबाडीची, बनावट आकड्यांची चर्चा सुरू करतात. तो वेगळा रोग आहे. इथे प्रत्येक जण खरे बोलतो आहे आणि एकूण वाङ्मय खोटे बोलते आहे. म्हणून यावर नीतिपाठाचा उपाय चालत नाही.

वैद्यकात याची किंमत सर्वांत उघडपणे मोजली गेली. १९८० साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला लॉरकेनाइड नावाच्या औषधाची चाचणी झाली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित होतात. ते सुरळीत करणारे हे औषध. रुग्ण जेमतेम शंभर. निम्म्यांना औषध, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. औषध घेणाऱ्यांत नऊ जण दगावले, न घेणाऱ्यांत एक. डॉक्टरांना वाटले, आकडे लहान आहेत, योगायोग असेल. दरम्यान व्यापारी कारणांनी औषधाचे काम थांबले, निकालही छापायचा राहिला. कुणी दडवला नाही. नुसता राहिला. त्याच जातीची दुसरी औषधे मात्र बाजारात होती आणि १९८०च्या दशकभर जगभरचे डॉक्टर ती विश्वासाने लिहून देत होते. ठोके सुरळीत झाले की माणूस वाचणार, हा तर्क कुणालाही पटण्यासारखाच होता. १९८९ साली अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या मोठ्या चाचणीत दिसले, की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. चाचणीचा तो भाग तिथेच थांबवावा लागला. या औषधांनी एकट्या अमेरिकेत हजारोंचे प्राण गेले असावेत, असे अंदाज नंतर मांडले गेले. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये आपला जुना निकाल अखेर छापला, आणि तो वेळेवर बाहेर आला असता तर धोक्याची सूचना मिळाली असती, हे स्वतःच नमूद केले. या विषयावरच्या वाङ्मयात इतका सरळ निबंध दुसरा नाही.

लॉरकेनाइडचा निकाल वेळेवर छापला गेला असता तरी त्या एकट्याने कुणाचे मत बदलले नसते. शंभर रुग्णांचा निकाल तो. पण अशा पाच-सहा लहान चाचण्या शेजारी ठेवल्या असत्या तर चित्र दिसले असते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वैद्यकात जी चळवळ उभी राहिली तिचा गाभा हा होता. ऑस्ट्रेलियाच्या जॉन सिम्स यांनी १९८६ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची दोन प्रकारे बेरीज केली : फक्त छापलेल्या, आणि नोंदवहीत नोंदलेल्या सगळ्या. छापलेल्यांत नवा उपचार सरस ठरत होता. सगळ्या धरल्या की तो फायदा विरघळत होता. १९९० साली इयन चामर्स यांनी स्पष्ट लिहिले, की संशोधन करून ते न कळवणे हा वैज्ञानिक गैरव्यवहार आहे. सर्व पुरावे एकत्र करून तोलणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ची.

तरीही कंपन्यांचे आणि संशोधकांचे ड्रॉवर भरतच होते. २००८ साली टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या बारा औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकी औषधनियंत्रकाच्या दप्तरातून काढल्या. नियंत्रकाच्या मते ३८ चाचण्यांत औषध यशस्वी ठरले होते. त्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ मध्ये निकाल प्रतिकूल किंवा शंकास्पद होता. त्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा भाषेत छापल्या की वाचणाऱ्याला त्या यशस्वी वाटाव्या, आणि तीन जशा होत्या तशा. खेड्यापाड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर छापलेलेच वाचणार. त्याला ही औषधे जवळजवळ दर वेळी गुण देताना दिसत होती.

उपाय म्हणून नोंदणी आली. चाचणी सुरू करण्याआधी ती सार्वजनिक नोंदवहीत लिहायची : काय तपासणार, किती रुग्णांवर, कोणत्या गोष्टीला यश म्हणणार. अमेरिकेची नोंदवही २००० साली उघडली. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी नोंदणी नसलेली चाचणी छापणार नाही, असे ठरवले. भारताची नोंदवही, सीटीआरआय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आधाराने जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधचाचण्यांना ती सक्तीची झाली. वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही प्रतिकूल आणि अनिर्णित निकाल उपलब्ध करून देणे हे कर्तव्य म्हणून सांगितले. याचा परिणाम किती झाला? अमेरिकेच्या हृदय-फुफ्फुस-रक्त संस्थेने पैसा दिलेल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब कॅप्लन आणि अर्व्हिन यांनी २०१५ मध्ये मांडला. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. नंतरच्या २५ पैकी दोनमध्ये. यश म्हणजे काय, हे आधी लिहून द्यावे लागले आणि यश दुर्मीळ झाले.

मानसशास्त्रात हाच प्रश्न दुसऱ्या दाराने आला. २०१५ साली ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने शेकडो संशोधकांनी छापलेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मुळात त्यांतले ९७ टक्के ‘यशस्वी’ होते, पुन्हा करताना ३६ टक्के. त्याच्या आधल्या वर्षी फ्रँको, मल्होत्रा आणि सायमोनोव्हिट्स यांनी सामाजिक शास्त्रांतल्या २२१ अभ्यासांचा माग काढला होता. मला तो जास्त बोलका वाटतो, कारण त्याने सगळा दोष संपादकांवर ढकलायची सोय काढून घेतली. ज्यांना शून्य निकाल मिळाला त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो लिहायलाच घेतला नव्हता. निबंध नाकारला जाईल, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. काहींना तर स्वतःलाच त्यात रस उरला नव्हता.

आज या क्षेत्रात जे गट दिसतात ते एकमेकांचे विरोधक नाहीत, पण एका मताचेही नाहीत. वैद्यकातून आलेल्यांचा भर हक्कावर आहे : रुग्णाने शरीर दिले, म्हणून निकाल कळवणे बंधनकारक. मानसशास्त्रातून आलेल्यांनी निवड करण्याची वेळच बदलली. ख्रिस चेंबर्स यांनी २०१३ मध्ये ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकात सुरू केलेल्या पद्धतीत प्रश्न आणि कार्यपद्धती पाहूनच निबंध स्वीकारतात. प्रयोग नंतर होतो, निकाल काहीही लागो. मानसशास्त्राच्या नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरण्याचे प्रमाण ९६ टक्के आणि या पद्धतीच्या निबंधांत ४४ टक्के, असे २०२१ मध्ये दिसून आले. तिसरा गट संख्याशास्त्रज्ञांचा. त्यांचे म्हणणे, रेघच पुसा; परिणाम किती मोठा आणि किती अनिश्चित हे सांगा, म्हणजे ‘यश’ आणि ‘अपयश’ हे दोन डबेच उरणार नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ या सगळ्याकडे किंचित कुतूहलाने पाहतात, कारण त्यांच्याकडे मर्यादा छापणे हाच रिवाज आहे. कोलारलाच १९८० पासून प्रोटॉनच्या ऱ्हासाची वाट पाहणारे १४० टनांचे उपकरण होते. तिथे काही संशयित घटना नोंदल्याही गेल्या, पण अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या उपकरणांना काही दिसले नाही. आजही प्रोटॉन मरताना कुणी पाहिलेला नाही, आणि ‘त्याचे आयुष्य किमान इतके’ हा आकडा वाढवत नेणारे निबंध सन्मानाने छापले जातात.

एक मार्ग फसला, त्याचीही दखल घ्यायला हवी. नकारात्मक निकालांसाठी स्वतंत्र नियतकालिके निघाली. जैववैद्यकातले त्यांतले ठळक नियतकालिक २००२ मध्ये सुरू झाले आणि २०१७ मध्ये बंद पडले. ते बंद पडल्याचे मला फारसे दुःख नाही. अशा निकालांची पंगत वेगळी मांडली की तिथे बसायला कोण तयार होणार? जिथे पहिला दावा छापला गेला तिथेच त्याचे खंडनही छापले जावे, हा खरा आग्रह हवा.

आपल्याकडचे सर्वांत नीटस उदाहरण पुण्याचे आहे, आणि मराठी वाचकाला ते निम्मेच माहीत असते. २००८च्या सुमारास जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. बातम्यांत गाजली ती वादावादी. मला महत्त्वाची वाटते ती मांडणी. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या तयार केल्या. कोणती कुंडली कोणाची, हे गुपित पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात राहिले. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि एवढेच विचारले, की मूल कोणत्या गटातले? चाळीसपैकी २८ बरोबर आल्या तर दखल घ्यायची, हे आधी ठरलेले. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली. सर्वांत जास्त गुण २४, सरासरी यश ४६ टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या पाहिल्या. बरोबर आल्या १०२. नाणे उडवले असते तरी हेच. निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. शून्य निकाल कसा कमवावा याचा हा वस्तुपाठ आहे : प्रश्न छोटा, यशाची रेघ आधी आखलेली, आणि दावा खरा असता तर तो दिसण्याची पूर्ण सोय.

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या घरातून गेलेले आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्रत्येक मोबाइलवर ‘अर्जंट, प्लाझ्मा हवा’ असे निरोप फिरत होते. रक्तगट, हॉस्पिटल, फोन नंबर. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, आपल्याच आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘प्लॅसिड’ चाचणीचा निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला होता. देशभरची ३९ हॉस्पिटले, ४६४ रुग्ण. आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. पुढे ब्रिटनच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही फरक दिसला नाही. तरी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, दुसरी लाट शिगेला पोचून गेल्यावर. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत, धावपळीत, भारतीय डॉक्टरांनी इतकी शिस्तशीर चाचणी केली आणि प्रतिकूल निकाल लपवला नाही, याचा मला अभिमान वाटतो. पण छापणे पुरेसे नाही, हेही तिथेच दिसले. ‘हे उपयोगी नाही’ या वाक्याला वकील मिळत नाही. नातेवाइकांना काहीतरी करायचे असते, डॉक्टरला हात बांधून बसल्यासारखे वाटते, आणि प्लाझ्मा देणाऱ्याला पुण्य मिळते.

हे पुस्तक आत्ताच का, याला एक कारण आपल्या विद्यापीठांत आहे. २०१६च्या नियमांनुसार पीएचडीच्या प्रबंधाआधी निबंध छापणे बंधनकारक होते. २०२२च्या नियमांनी ती अट काढली, पण नोकरी आणि बढतीच्या हिशेबात ‘पेपर किती’ हा प्रश्न तसाच आहे. रसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा. रिअॅक्शन गेली नाही, टीएलसीच्या तपासणीपट्टीवर स्पॉट हलला नाही, की गाईड विचारतात, सॉल्व्हंट नीट वाळवला होतास ना? विद्यार्थी आणखी चार वेळा करतो. मग वहीत तारखेपुढे एक आडवी रेघ ओढून पुढे जातो. तीन वर्षांनी दुसऱ्या गावातला दुसरा विद्यार्थी तीच रिअॅक्शन लावतो, तेच रसायन पुन्हा मागवतो. सरकारी फेलोशिपचे पैसे दोनदा खर्च होतात आणि दोघांनाही वाटते, चूक आपलीच.

अशा वह्यांचे काय होऊ शकते, हे २०१६ साली अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजच्या गटाने दाखवले. त्यांनी प्रयोगशाळेच्या जुन्या वह्यांतल्या न जमलेल्या रिअॅक्शन गोळा करून संगणकाला शिकवल्या. नवे स्फटिक कोणत्या परिस्थितीत तयार होतील, याचा संगणकाचा अंदाज ८९ टक्के वेळा बरोबर आला. अनुभवी माणसांचा ७८ टक्के. काय जमत नाही हे ठाऊक नसलेल्या यंत्राला काय जमेल हेही कळत नाही. आज जगातले छापील वाङ्मय यंत्रांना घाऊक वाचायला दिले जात आहे, आणि ते वाङ्मय नवस फेडलेल्यांचेच आहे.

आक्षेपही ऐकायला हवेत. प्रत्येक फसलेला प्रयोग छापायचा म्हटला तर वाचणार कोण? निष्काळजी कामाला ‘शून्य निकाल’ म्हणून प्रतिष्ठा मिळणार नाही का? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. निबंध आणि नोंद यांत फरक करावा, असे माझे मत आहे. ज्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कमावला त्याने निबंध लिहावा. बाकीच्यांनी आपले आकडे आणि वह्या कुणाला शोधता येतील अशा जागी ठेवाव्यात, एवढे पुरे. संग्रहातले सगळे लेखक याच्याशी सहमत नाहीत. एका लेखिकेने तर ही विभागणी वरच्या संस्थांच्या सोयीची आहे, असे मला खडसावले आहे. लहान कॉलेजात मोठा नमुना घ्यायला पैसा कुठून येणार, हा तिचा प्रश्न आहे. तिचा लेख माझ्या मतानंतर वाचला जाईल अशा जागी ठेवला आहे.

हा संग्रह पाठ्यपुस्तक नाही. यात वैद्यक आहे, शेती आहे, शिक्षण आणि भौतिकशास्त्र आहे. अर्थशास्त्र जेमतेम आहे, कारण लिहायला कबूल झालेल्या दोघांनी शेवटी माघार घेतली. संख्याशास्त्र जिथे टाळता आले नाही तिथे ते शब्दांत मांडले आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी, तालुक्याचा डॉक्टर, विज्ञानावर बातम्या लिहिणारा पत्रकार, हे आमच्या डोळ्यांपुढचे वाचक. काही लेखकांनी आपल्या संस्थेचे नाव छापू नका, अशी विनंती केली. आम्ही ती मानली. शून्य निकाल सांगताना अजून नाव झाकावे लागते, ही या विषयाची सद्यस्थिती समजावी.

प्रत्येक लेखकाला आम्ही एकच अट घातली होती. आपल्या प्रयोगात काय दिसले नाही हे सांगा, आणि ते असते तर किती लहान असेपर्यंत तुम्हाला दिसले असते, हेही सांगा. बहुतेकांनी आकडा दिला. ज्वारीच्या बियाण्यावरच्या लेखात तो एकरी पोत्यांत आहे, शाळेतल्या वाचनाच्या लेखात मिनिटाला वाचलेल्या शब्दांत. दोघांनी प्रामाणिकपणे कळवले, की हिशेब केल्यावर आपला प्रयोग फार लहान होता हे लक्षात आले, लेख काढून टाका. आम्ही ते लेख काढले नाहीत. ते ‘अनिर्णित’ या विभागात आहेत, आणि नमुना किती मोठा हवा होता हे दोघांनीही शेवटी लिहून दिले आहे.